मुलीचं एअर पिस्तूल विमानाने भोपाळला न्यायचंय, सिलिंडरवरून डोकं फिरलंय

मुलुंडचा_बाबा

नमस्कार मंडळी,

आमची मुलगी नववीत आहे, १० मीटर एअर पिस्तूल खेळते. पुढच्या महिन्यात भोपाळला मॅच आहे. आजवर मॅच म्हणजे वरळी नाहीतर बालेवाडी. पेटी गाडीच्या डिकीत टाकायची आणि निघायचं, एवढंच माहीत. या वेळी ट्रेनचं वेटिंग काही हलेना, म्हणून विमानाची तिकिटं काढली. आता तिकिटं हातात आल्यावर जो तो नवीन काहीतरी सांगतोय.

पिस्तूल क्लबचं आहे, स्टायर कंपनीचं. सोबत हवेचे दोन सिलिंडर (पिस्तुलाला लावायचे, त्यातल्या हवेने छर्रा सुटतो), छर्र्यांचे डबे, हातपंप आणि अॅलन कीचा एक जुडगा. विमान कंपनीला फोन केला तर पहिल्याने सांगितलं, "स्पोर्ट्स इक्विपमेंट आहे, काही प्रॉब्लेम नाही सर." दुसऱ्याने सांगितलं, शस्त्र परवाना लागेल. तिसरीने मला होल्डवर ठेवलं आणि मी ज्या गाण्याचा आता कायमचा तिरस्कार करतो ते गाणं ऐकवलं. ई-मेल केला, त्याला बॅगेच्या वजनाचा तक्ता उत्तर म्हणून आला.

क्लबमधल्या एका पालकांचं म्हणणं असं की त्यांचे सिलिंडर काउंटरवरूनच परत फिरवले, आणि घरून भाऊ आला म्हणून निभावलं, नाहीतर तिथेच टाकून जावं लागलं असतं. एकेका सिलिंडरची किंमत ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. दुसरे एक पालक म्हणतात, आम्ही तर काही बोललोच नाही, बॅगेत टाकलं आणि गेलो. हे ऐकून मला जास्त भीती वाटली.

तर परवाना खरंच लागतो का, सिलिंडर न्यायचे कसे, आणि विमानतळावर किती आधी पोचायचं? विमान मुंबईच्या टी-२ वरून सकाळचं आहे. बायकोचा प्रश्न वेगळाच आहे: एक्स-रेमध्ये पिस्तूल दिसल्यावर पोरीला बाजूला घेऊन बसवतील का? पोरगी मॅचच्या आधी तशीही धड जेवत नाही, त्यात हे नको.

---

पंजाबमेल_प्रेमी

दादा, तात्काळ काढा ना. सीएसएमटीवरून संध्याकाळी पंजाब मेलमध्ये बसायचं, सकाळी भोपाळ. ना काउंटर, ना डिक्लेरेशन, सिलिंडर भरलेला असला तरी कोण विचारतंय. आपला स्वप्नील कुसळे रेल्वेचाच माणूस, पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ घेऊन आला. रेल्वेला नेमबाज कळतात!

---

रेंजवरची_मावशी

पंजाबमेल, कुसळेचं कौतुक मलाही आहे, पण भरलेल्या सिलिंडरचा सल्ला मागे घ्या. गॅस सिलिंडर रेल्वेच्याही बंदीच्या यादीत आहे. कोणी विचारत नाही म्हणजे चालतं, असं नसतं.

बाबा, तुम्ही आधी घोटभर पाणी प्या. मग वाचा, जरा लांब लिहिणार आहे. वरळीच्या रेंजवर माझे केस पांढरे झालेत. आता मास्टर्स गटात खेळते आणि उरलेल्या वेळात तुमच्यासारख्या आईबापांना शांत करते.

पिस्तूल ही तुमची अडचणच नाही. अडचण सिलिंडरची आहे. आणि सिलिंडरचा निकाल सीएसएफवाला लावत नाही, विमान कंपनीच्या काउंटरवर लागतो. हे दोन्ही डोक्यात नीट बसलं की बाकी सगळं सोपं आहे.

परवान्याचं आधी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअरची (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची) आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअरगन असेल तर परवाना लागत नाही. तुमच्या मुलीचं पिस्तूल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटरच्या आसपास वेगाने सोडतं. गणित करा, ६ ज्यूलच्या घरात येतं. म्हणजे मर्यादेच्या निम्म्यालाही पोचत नाही. नियमाचं ते पान आणि कंपनीच्या माहितीपत्रकातलं ज्यूलचं पान, दोन्हीच्या छापील प्रती ठेवा. मोबाइलवर दाखवू नका. काउंटरवरच्या माणसाला तुमचा मोबाइल हातात घ्यायचा नसतो, कागद मात्र तो घेऊन आत सुपरवायझरकडे जाऊ शकतो.

पिस्तूल क्लबचं आहे म्हणालात, तर क्लबच्या लेटरहेडवर पत्र हवंच. त्यात मुलीचं नाव, तुमचं नाव, पिस्तुलाचा मेक, मॉडेल आणि सिरियल नंबर, दोन्ही सिलिंडरचे नंबर, स्पर्धेचं नाव आणि तारखा. सिरियल नंबर पत्रात एक आणि पिस्तुलावर दुसरा असं होऊ देऊ नका. पत्र टाइप करणारा माणूस आठ आणि शून्य यांच्यात फरक करत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पत्र हातात आलं की तिथेच पेटी उघडून नंबर ताडून बघा. सोबत स्पर्धेची एन्ट्री, तिचं रायफल असोसिएशनचं ओळखपत्र आणि शाळेचं ओळखपत्र. डिक्लेरेशनवर सही तुमची, पोरीची नाही.

पिस्तूल पेटीत ठेवताना सेफ्टी फ्लॅग घालूनच ठेवा. ती भगवी-नारिंगी दोरी नळीतून आरपार जाऊन मागे ब्रीचमध्ये, म्हणजे छर्रा भरायच्या जागी, दिसली पाहिजे. रेंजवर आपण ती सवयीने घालतो, विमानतळावर तिची किंमत कळते. पेटी उघडल्यावर समोरच्याला पिस्तुलातलं ओ का ठो कळत नसतं, पण नळीतून दोरी बाहेर आलेली पाहिली की आत काही नाही हे त्याला न सांगता कळतं. सिलिंडर पिस्तुलाला लावून ठेवू नका, वेगळा काढा.

आता सिलिंडर. नीट वाचा.

भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बार दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. लोक सांगतात की विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो आणि सिलिंडर फुटतो. तसं काही नाही. विमानात आतला दाब साधारण पाऊण बारपर्यंत उतरतो. २०० बार सोसणाऱ्या भांड्याला बाहेरचा पाव बार कमी झाल्याचं काय कौतुक? खरी काळजी आगीची आणि आदळआपटीची असते. सामानात आग लागली किंवा व्हॉल्व्हवर जड बॅग आपटली, तर तो दाब एका क्षणात बाहेर येतो. म्हणून दाबाखालचा सिलिंडर "धोकादायक माल" या सदरात जातो आणि प्रवाशाला तो नेता येत नाही. रिकामा सिलिंडर मात्र नुसता धातूचा तुकडा असतो. तुम्हाला फक्त तो रिकामा आहे हे समोरच्याच्या डोळ्यांना दिसेल असं करायचं आहे.

मॅनोमीटरचा, म्हणजे सिलिंडरवरच्या दाबमापकाचा, काटा शून्यावर आहे हे पुरत नाही. काटा अडकू शकतो, हे काउंटरवाल्यालाही ऐकून माहीत असतं. कंपनी सिलिंडरसोबत हवा सोडायचा एक छोटा स्क्रू देते. तो व्हॉल्व्हच्या तोंडावर फिरवत नेला की आतली पिन दाबली जाते आणि हवा बाहेर पडते. तो स्क्रू फिरवायचा सावकाश, अगदी पाव पाव फेरा. सुरुवातीला सुईसारखी बारीक शिट्टी येते, मग सुस्कारा. सिलिंडर हातात गार पडतो, बाहेर दवासारखं पाणी धरतं. घाबरू नका, हवा पसरली की गार होतेच. तोंड माणसापासून लांब, शक्यतो खिडकीकडे. कुठेही तेल-ग्रीस लावायचं नाही. आणि सगळी हवा गेली तरी तो स्क्रू तसाच लावून ठेवायचा. व्हॉल्व्ह उघडा राहिलेला दिसला की वाद संपतो. हे काम घरी करायचं, आदल्या रात्री. विमानतळाच्या हॉलमध्ये फुस्स आवाज काढलात, तर मग तुमच्या सौभाग्यवतींची भीती खरी होईल.

स्क्रू नसेल तर स्क्रूड्रायव्हरने पिन दाबायचा शहाणपणा करू नका. क्लबमध्ये कोणा ना कोणाच्या पेटीत तुमच्याच कंपनीचा स्क्रू पडलेला असतो, मागून घ्या. तेवढ्यात सिलिंडरवर कोरलेली तारीखही बघून घ्या. बऱ्याच कंपन्यांची मुदत दहा वर्षांची आहे. क्लबचे सिलिंडर हातोहात फिरतात आणि तारीख कोणीच बघत नाही. विमानतळावरून सुटलात तरी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे मॅचआधीच्या सामान तपासणीला, अडकाल.

छर्रे चेक-इनमध्येच. ५०० चा डबा पाव किलोच्या थोडा वर भरतो, झाकणाला चिकटपट्टी लावा, नाहीतर भोपाळला सूटकेसच्या अस्तरातून छर्रे वेचत बसाल. डबे पिस्तुलाच्या पेटीवर ठेवू नका. एक्स-रेच्या पडद्यावर कपडे, लाकूड, खाणं असलं सगळं नारिंगी दिसतं, धातू निळा आणि शिसं म्हणजे काळा ठिपका, आरपार काही दिसतच नाही. पिस्तुलावर काळे गोल ठिपके आले की मशीनवरचा माणूस बॅग बाजूला काढणारच, मी असते तरी काढली असती. डबे एका कोपऱ्यात, पेटी दुसऱ्या, मध्ये जॅकेट किंवा बूट.

केबिन बॅगेत काय नको ते सांगते. पिस्तुलाचा कुठलाही भाग नको. सुटी ग्रिपसुद्धा नको. अक्रोडाच्या लाकडाची असली तरी पडद्यावर आकार कशाचा दिसतो ते सांगायला नको. अॅलन की, स्क्रूड्रायव्हर, कानस सगळं खाली, चेक-इनमध्ये. नेमबाजीचा चष्मा मात्र वर, हातात. त्या फ्रेमचे स्क्रू एकदा हलले की मॅचच्या सकाळी ते जागेवर आणण्यात डोकं जातं. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्याही वरच, त्या खाली चालत नाहीत. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर बंद करून ठेवा.

काउंटरवर गेल्यावर बॅग पट्ट्यावर ठेवायच्या आधी बोला. वेब चेक-इन केलं असलं तरी स्वतः बॅग टाकायच्या मशीनकडे जाऊ नका, माणूस बसलेल्या काउंटरवर जा. टी-२ ला चेक-इन बॅग पट्ट्यावरून आत गेली की मागे कुठेतरी तपासली जाते, तुम्ही तिथे नसता. न सांगता गेलेलं पिस्तूल तिकडे सापडलं की मग नाव पुकारतात, आणि तोवर तुम्ही सिक्युरिटी पार करून इडली खात बसलेले असता. ते दुसरे पालक काही न बोलता गेले म्हणालात ना, ते गेले हे त्यांचं नशीब. साधं सांगा: "मुलीचं स्पर्धेचं एअर पिस्तूल आहे, डिक्लेअर करायचंय, सिलिंडर रिकामे आहेत, हे कागद." खेळणं आहे वगैरे म्हणू नका, थट्टा करू नका, आवाज चढवू नका.

पोरीला बाजूला बसवत नाहीत. पेटी उघडून बघतील, नंबर ताडतील, फॉर्म भरून घेतील. काही कंपन्या वेगळं शुल्क घेतात, ते भरा आणि पावती घ्या. बऱ्याचदा तपासणारा जवान शेवटी विचारतो, "बेटा, कितना स्कोर आता है?" तेव्हा तिला खरं ते सांगू दे.

वेळ: विमानाच्या तीन तास आधी काउंटरवर. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं आणि सुपरवायझर नेमका त्या तासात सापडत नाही.

---

हॉलमधला_माणूस

मावशींनी जवळजवळ सगळं लिहिलंय. मी काही वर्षं ग्राउंड हँडलिंगमध्ये होतो, त्यामुळे काउंटरच्या पलीकडून थोडं.

लोकांना वाटतं काउंटरवरचा मुलगा मुद्दाम अडवतो. गॅस, बॅटरी आणि शस्त्र हे तीन शब्द आले की त्याच्या हातात काही उरत नाही. बॅग स्वीकारली आणि उद्या काही झालं तर सही त्याची. नाही म्हटलं तर फार तर तुम्ही चिडाल. पंचविशीतला पोरगा, पहाटे तीनची शिफ्ट, रात्रीची झोप नाही. तो "नाही" म्हणणार. म्हणून त्याच्याशी वाद घालायचाच नाही. "ड्युटी मॅनेजरना बोलवाल का, मी बाजूला थांबतो" एवढं म्हणायचं आणि खरंच रांगेतून बाजूला व्हायचं. मागची रांग ओरडायला लागली की कुठलाच निर्णय प्रवाशाच्या बाजूने होत नाही.

फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. कॉल सेंटरचा माणूस गुरुग्रामला किंवा आणखी कुठे बसलेला असतो, त्याच्या "काही प्रॉब्लेम नाही सर" ला मुंबईत कोणी ओळखत नाही. ई-मेल परत करा, पण या वेळी प्रश्न विचारू नका, माहिती द्या. पीएनआर, तारीख, वस्तूंची यादी, "सिलिंडर पूर्ण रिकामे, व्हॉल्व्ह उघडे", क्लबचं पत्र जोडलेलं. शेवटी एकच वाक्य: ही नोंद बुकिंगमध्ये करून कळवावं. प्रश्न विचारला की तक्ता येतो. नोंद करा म्हटलं की कोणीतरी ती करतो, आणि काउंटरवर पडद्यावर ती दिसते. त्या एका ओळीने अर्धं काम होतं.

आणखी एक. कुलूप लावा, पण चावी तुमच्या खिशात हवी, बायकोच्या पर्समध्ये नको. ती पर्स घेऊन आत गेलेली असते आणि इकडे पेटी उघडायला सांगतात. हसू नका, हे फार बघितलंय.

मावशी, "सीएसएफवाला" नाही हो, सीआयएसएफ!

---

रेंजवरची_मावशी

कळलं, कळलं. २००० सालाच्या आधी विमानतळावर राज्य पोलीस असायचे, तेव्हापासून प्रवास करतेय. आयसी-८१४ विमानाच्या अपहरणानंतर हे आले. नाव जिभेवर बसेपर्यंत चार अक्षरं जास्तच.

---

मुलुंडचा_बाबा

मावशी, दादा, दोघांचे मनापासून आभार. तुमची पोस्ट बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. जवानाचा प्रश्न ऐकून मुलगी म्हणाली, "मग मॅचच्या आधीच विचारू दे, नंतर नको."

स्क्रूचं बघितलं, पेटीत नाहीये. उद्या क्लबमध्ये विचारतो. सिलिंडरच्या तारखा वाचल्या. एक ठीक आहे, दुसऱ्याची मुदत पुढच्या वर्षी संपतेय. क्लबच्या सरांना फोटो पाठवला तर त्यांनी लगेच बाकीच्या सगळ्या पेट्या उघडायला लावल्या, आज तिकडे तोच कार्यक्रम चाललाय.

ई-मेल दादांनी सांगितल्याप्रमाणे पाठवला. दोन शंका राहिल्या. सिलिंडर रिकामे नेले तर भोपाळला भरायचे कसे? हातपंप नेऊ का? तो एकटाच बॅगेचं बरंच वजन खातोय, आणि आम्हाला माणशी १५ किलोच आहेत. आणि परतीचं विमान मॅच संपल्यावर त्याच संध्याकाळी आहे, तेव्हा हे सगळं उलट कधी करायचं?

---

डोंबिवली_धनुर्धर

मुलगा रिकर्व्ह तिरंदाजी खेळतो, म्हणून डोकावतोय. आमच्याकडे गॅसची भानगड नाही, लांबीची आहे.

रायझर (धनुष्याचा मधला मुठीचा भाग), लिम्ब्स (वरची-खालची पाती), स्टॅबिलायझरच्या (तोल सांभाळायच्या) दांड्या, बाणांची नळी असं सगळं एका कडक पेटीत जातं आणि सगळं चेक-इनच. बाणाला टोक असतं, त्यावर वादच नाही. पण माझा अनुभव असा की टोकदार बाणांपेक्षा स्टॅबिलायझरवर जास्त चौकशी होते. कार्बनची लांब पोकळ नळी, तिच्या टोकाला धातूची वजनं आणि मधे रबरी डँपर. पडद्यावर ती काय दिसत असेल देव जाणे. आता आम्ही वजनं काढून वेगळ्या पाउचमध्ये ठेवतो आणि पेटीच्या झाकणाला आतून एक फोटो चिकटवलाय: मुलगा पूर्ण जोडलेलं धनुष्य ओढून उभा आहे, मागे टार्गेट. पेटी उघडली की आधी तो फोटो दिसतो. तेव्हापासून चौकशी फोटोपाशीच संपते. बाबा, तुम्हीही मुलीचा रेंजवर उभी असलेला फोटो चिकटवा, कानाला मफ, एका डोळ्यावर ब्लाइंडरची पट्टी, एक हात खिशात. कुठल्याही पत्रापेक्षा लवकर कळतं.

पेटी लांब असेल तर नेहमीच्या पट्ट्यावर घेत नाहीत, मोठ्या सामानाच्या जागी न्यावी लागते. पिस्तुलाला हे लागू नाही, पण रायफलवाल्यांना लागू आहे, म्हणून लिहिलं.

आणि पेटीवर बाहेरून कंपनीचे स्टिकर लावू नका. आत काय आहे ते फक्त काउंटरला कळलं म्हणजे पुरे, बेल्टवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला नको. आमची पेटी मी जुन्या चादरीच्या खोळीत घालतो. मुलाला लाज वाटते. वाटू दे.

---

रेंजवरची_मावशी

फोटोची युक्ती झकास. मी उद्याच लावते, फक्त केस काळे असतानाचा शोधावा लागेल.

बाबा, हातपंप घरी ठेवा. त्याचं वजन जाऊ दे, तो लांब जाड नळीचा दांडा बघून पुन्हा एक चौकशी ओढवून घ्याल, आणि हातपंपाने शून्यापासून २०० बार भरायचे म्हणजे मॅचच्या आदल्या दिवशी तुमचे दंड जातील. तिचे जाता कामा नयेत, तिला पंपाजवळ फिरकूसुद्धा देऊ नका. भोपाळच्या रेंजवर मोठ्या सिलिंडरवरून हवा भरून मिळेल का आणि किती वाजेपर्यंत, हे आयोजकांना आजच फोन करून विचारा. फिलिंग अडॅप्टर, म्हणजे मोठ्या सिलिंडरला आपला जोडायचा तुकडा, मात्र स्वतःचा न्या. एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीला बसतोच असं नाही, आणि तिथे ऐन वेळी स्टायरचा अडॅप्टर शोधत फिरणारा बाप मला दर वर्षी दिसतो. तो पितळी तुकडा मुठीत मावतो, पण चेक-इनमध्येच टाका. पोचल्या दिवशीच दोन्ही सिलिंडर भरून घ्या आणि रात्रभर ठेवून सकाळी काटा बघा. पूर्ण रिकामा होऊन परत भरलेला सिलिंडर कधी कधी सीलपाशी गळतो. गळत असेल तर ते सरावाच्या दिवशी कळू दे.

पहिला सिलिंडर भरायला दिलात की हवा सावकाश सोडायला सांगा. घाईत भरला की तापतो, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली उतरतो. मग पोरगी म्हणते, माझे शॉट खाली का जातायत.

परतीचं सोपं आहे. तिची मॅच झाली, स्कोअरशीटवर सही झाली आणि ती फायनलमध्ये नाही हे नक्की झालं की रेंजवरच, इक्विपमेंट कंट्रोलच्या बाहेर जिथे सगळे उभे असतात तिथे, दोन्ही सिलिंडर सोडून टाका. हॉटेलमध्ये नको. त्या शिट्टीने शेजारच्या खोलीतला माणूस रिसेप्शनला फोन करतो. स्क्रू लावून ठेवा, फ्लॅग घाला, छर्र्यांचे उरलेले डबे कोपऱ्यात, आणि तेच कागद परत वर काढून ठेवा. स्पर्धेचं सर्टिफिकेट किंवा निकालाचा कागद मिळाला तर तोही त्याच फाइलमध्ये. काही विमानतळांवर चेक-इन बॅगा हॉलमध्येच मशीनमधून काढून पट्टी लावतात. तिथे मशीनवाल्याला आधी सांगा, मग काउंटरला.

ती फायनलमध्ये गेली तर संध्याकाळचं विमान विसरा. फायनल, पदकं, फोटो यात विमान गाठता येत नाही, आणि तिचं लक्ष घड्याळाकडे जाईल. आत्ताच बघा, तारीख बदलायला किती पैसे लागतात ते. दुसऱ्या दिवशी सकाळचं मिळत असेल तर आजच बदलून टाका.

---

मुलुंडचा_बाबा

बदललं. दुसऱ्या दिवशी दुपारचं मिळालं, फरक भरला. स्क्रूही मिळाला, क्लबमधल्या एका आजोबांच्या पेटीत होता. आयोजकांचा फोन लागला: रेंजवर हवा मिळते, संध्याकाळी पाचपर्यंत. आमचं विमान तिथे साडेबाराला उतरतं, म्हणजे जमेल. बुकिंगमध्ये नोंद केल्याचा मेल अजून आलेला नाही, उद्या परत पाठवतो.

---

हॉलमधला_माणूस

उद्या नको, आज रात्रीच पाठवा. आणि पहिल्या मेलचंच उत्तर म्हणून पाठवा, नवीन मेल नको. नवीन मेल आला की नवीन माणसाकडे जातो आणि परत तुम्हाला वजनाचा तक्ता येईल.